‘फॉन्ट उडालाय, सर!’

पॉवरपॉइंटमध्ये केलेली कुठलीही फाईल घ्या. तिच्या नावाच्या शेवटी ‘पीपीटीएक्स’ असतं. ते खोडून तिथं ‘झिप’ लिहा आणि फाईल उघडा. आत फोल्डरांचा पसारा दिसेल. एका फोल्डरात स्लाईड्स, दुसऱ्यात चित्रं, आणि ‘थीम’ नावाच्या आणखी एका फोल्डरात साध्या मजकुराची एक फाईल. ती नोटपॅडमध्ये उघडली की जगभरच्या लिप्यांची हजेरीच लागलेली दिसते. अरबी, हिब्रू, थाई, तिबेटी, मंगोल, आणि प्रत्येकीपुढे एकेका फॉन्टचं नाव. बंगालीपुढे वृंदा, गुजरातीपुढे श्रुती, तमिळपुढे लता, तेलुगूपुढे गौतमी. देवनागरीची खूण म्हणून ‘देवा’ अशी चार रोमन अक्षरं आहेत, आणि त्यांच्यापुढे लिहिलंय: मंगल.

मायक्रोसॉफ्टची नेहमीची थीम वापरून ज्यांनी ज्यांनी मराठी प्रेझेंटेशन केलं, त्यांच्या फाईलीत ही ओळ आहे. त्यांनी मंगल निवडला असो वा नसो. आणि आहे ती फक्त ओळच. मंगल नावाचा फॉन्ट त्या फाईलीत कुठंच नाही. वाण्याकडे पाठवलेल्या चिठ्ठीसारखं हे प्रकरण असतं: हवा तो माल दुकानात असला तर ठीक, नसला तर वाणी त्याच्या मतानं जवळचं काहीतरी पुडीत बांधून देतो. कॉम्प्युटर बदलला की वाणी बदलतो. प्रेझेंटेशन एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर नेताना जे काही बिघडतं, त्यातलं निम्मं तरी या एका गोष्टीतून येतं.

मंगल हा काही ऐरागैरा फॉन्ट नव्हे. कवी, सुलेखनकार, जाहिरातक्षेत्रात हयात घालवलेले आणि नंतर आयआयटी मुंबईत शिकवणारे र. कृ. जोशी यांच्या देखरेखीखाली तो तयार झाला. २००० साली आलेल्या विंडोज २००० बरोबर तो लोकांच्या घरात पोचला. देवनागरी युनिकोडमध्ये लिहिता येते, हे अनेक मराठी माणसांनी पहिल्यांदा पाहिलं ते मंगलमध्ये. पुढं विंडोज ८ बरोबर २०१२ मध्ये ‘निर्मला यूआय’ आला, भारतीय लिप्यांची जबाबदारी त्याच्याकडे गेली, आणि विंडोज १० मध्ये मंगलची रवानगी ‘देवनागरीचे पूरक फॉन्ट’ अशा एका ऐच्छिक गाठोड्यात झाली. कोकिळा, अपराजिता, उत्साह हेही त्याच गाठोड्यात. कॉम्प्युटरला हिंदी किंवा मराठी भाषा जोडली तर ते उतरवून घेतलं जातं. न जोडलेल्या, नव्या कोऱ्या इंग्रजी विंडोजवर ते नसतं. म्हणजे फाईल मंगल मागते आणि ज्या कंपनीनं ही मागणी फाईलीत लिहून ठेवली, तिच्याच यंत्रावर मंगल सापडत नाही. असला विनोद ठरवून करता येत नाही.

हे सगळं डोळ्यांनी बघायचं तर एखाद्या महाविद्यालयाच्या चर्चासत्राला जावं आणि पहिल्या रांगेत न बसता प्रोजेक्टर चालवणाऱ्या मुलाशेजारी बसावं. मराठवाड्यातल्या अशाच एका सभागृहात मी तसा बसलो होतो. मुलगा संगणक विभागातला, हुशार, आणि सकाळपासून कावलेला. वक्ते पेनड्राइव्ह घेऊन एकामागोमाग येत होते आणि तो एकच वाक्य म्हणत होता, “फॉन्ट उडालाय, सर!”

गंमत अशी, की प्रत्येक वेळी उडालेलं काहीतरी वेगळं होतं.

पहिल्या मॅडम पुण्याहून आलेल्या. त्यांनी प्रेझेंटेशन मॅकवर केलेलं, अक्षर ‘कोहिनूर देवनागरी’. सभागृहातलं यंत्र विंडोजचं, त्यामुळं तिथं कोहिनूर नाही. मजकूर सगळा शाबूत, वाचायलाही येत होता. पण चौकटीत बसलेली चार ओळींची व्याख्या सहा ओळींची होऊन खालच्या आकृतीवर सांडली होती. दुसरे सर सेवानिवृत्तीला आलेले. त्यांच्या स्लाईडवर रोमन अक्षरांचा नुसता चिवडा. तिसरा संशोधक विद्यार्थी. त्यानं फाईल विंडोजवर केली होती, मित्राच्या लिनक्सवर लिब्रेऑफिसमध्ये सुधारली आणि परत आणली. त्याची मराठी अगदी ठणठणीत. मात्र प्रत्येक मुद्द्याआधी जिथं बरोबरची खूण हवी, तिथं यूच्या डोक्यावर दोन टिंबं असं जर्मन वळणाचं अक्षर उभं.

तिघांनाही तो मुलगा ‘फॉन्ट उडालाय’च म्हणाला, आणि तिघांनीही मान डोलावली. मला वाटतं, आपली खरी अडचण या वाक्यात आहे. पहिल्या प्रकारात अक्षरांचा चेहरा बदललाय, मजकूर जिवंत आहे. दुसऱ्यात मजकूरच मराठी नाही. तो कधीच मराठी नव्हता. एकाच नावानं दोन्ही आजार ओळखले जातात, म्हणून उपायही चुकीचे होतात. पहिल्यासाठी लोक फाईलीची छायाचित्रं काढत बसतात आणि दुसऱ्यावर ‘फॉन्ट टाकला की झालं’ म्हणून सोडून देतात.

आधी पहिला आजार. आपण फॉन्टचा आकार २४ ठेवतो तेव्हा ते माप अक्षराच्या उंचीचं नसतं. अक्षर ज्या अदृश्य चौकटीत आखलं जातं, तिचं ते माप. त्या चौकटीत अक्षर केवढं काढायचं हे आखणाऱ्याच्या हातात. देवनागरीत तर शिरोरेघेच्या वर वेलांट्या, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार, एकाखाली एक बसलेली जोडाक्षरं. त्यांना जागा किती द्यायची याबद्दल प्रत्येक फॉन्टचं मत निराळं असतं. मंगल या बाबतीत ऐसपैस. त्याच्या ओळी एकमेकींपासून चांगल्या लांब राहतात. त्यामुळं २४ चा मंगल आणि २४ चा कोहिनूर यांच्या ओळी सारख्या जागेत मावत नाहीत. त्यात पॉवरपॉइंटची एक सवय: मजकूर चौकटीबाहेर जायला लागला की तो आपोआप लहान करायचा. किती लहान केला, ते प्रमाण फाईलीत लिहिलं जातं, पण ते मूळ फॉन्टच्या हिशेबानं. दुसरीकडे फॉन्ट बदलतो, प्रमाण मात्र जुनंच.

रोमन लिपीवाल्यांनी यावर उपाय काढला आहे, आणि तो फार देखणा आहे. २००७ मध्ये रेड हॅट कंपनीनं ‘लिबरेशन’ फॉन्ट खुले केले. एरियल आणि टाइम्स न्यू रोमन यांच्यापेक्षा त्यांचा चेहरा वेगळा, पण प्रत्येक अक्षराची रुंदी अगदी तीच. फॉन्ट बदलला तरी ओळ जिथं तुटत होती तिथंच तुटते. कॅलिब्रीसाठी ‘कार्लिटो’ हाच उद्योग करतो. २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टनं कॅलिब्रीला निवृत्त करून ‘ॲप्टॉस’ला त्याच्या जागी बसवलं, तेव्हा जुन्या ऑफिसवर नव्या फाईली थोड्या विस्कटायला लागल्या, तरी इंग्रजीपुरतं ते निभावतं.

देवनागरीला असा जुळा भाऊ करणं सोपं नाही. लोहित, नोटो, मुक्ता हे फॉन्ट उत्तम आहेत, फुकट आहेत, पण त्यांची मापं मंगलवर बेतलेली नाहीत. आणि नुसती अक्षरांची रुंदी जुळवून भागणारही नाही. ‘विठ्ठल’ घ्या. एक फॉन्ट दोन ठ एकाखाली एक बसवतो, दुसरा पहिल्या ठचा पाय मोडून त्यांना शेजारी उभं करतो. विठ्ठल तोच, लांबी वेगळी. तेच ‘शुद्ध’चं, ‘चिठ्ठी’चं, ‘उद्गार’चं. शिवाय ही जोडणी फॉन्ट एकटा करत नाही. विंडोज, मॅक, लिनक्स यांची अक्षरं जुळवणारी आपापली यंत्रणा असते. मॅकसाठीच्या ‘ऑफिस २०११’ या आवृत्तीला भारतीय लिप्या धड जमतच नव्हत्या. मॅकवरच्या इतर प्रोग्रॅमांत नीट दिसणारी मराठी पॉवरपॉइंटमध्ये आली की जोडाक्षरं सुटी व्हायची, पहिली वेलांटी भलत्याच जागी जाऊन बसायची. २०१६ च्या आवृत्तीत ते सुधारलं. त्या पाच वर्षांत मॅक घेतलेल्या कितीतरी मराठी प्राध्यापकांचं इंग्रजी प्रेझेंटेशनांवर प्रेम जडलं असणार.

आता दुसरे सर आणि त्यांचा रोमन चिवडा. इथं थोडं रेंगाळावं लागेल.

पुण्यात नारायण पेठेत दिवाळी अंकांच्या हंगामात एका डीटीपीवाल्या काकांकडे बसलं, की दिवसभर एक प्रश्न कानावर पडतो. फोन वाजतो, काका विचारतात, “श्रीलिपीत आहे की युनिकोडमध्ये?” पलीकडचा बहुधा म्हणतो, “मराठीत आहे हो.” काका फोन ठेवतात आणि आपल्याकडे बघून म्हणतात, “मराठीत आहे म्हणे.” त्यांच्याकडे श्रीलिपी आहे, आकृती आहे, सी-डॅकचं आयएसएम आहे, विदर्भातून येणाऱ्या मजकुरासाठी कृतिदेव आहे, आणि कुणाकुणासाठी शिवाजीही ठेवलाय.

हे सगळे फॉन्ट ज्या काळात जन्मले, त्या काळात कॉम्प्युटरला एका फॉन्टमध्ये २५६ घरं माहीत होती आणि ती रोमन लिपीसाठी आखलेली. मग आपल्या लोकांनी युक्ती केली. रोमन अक्षराच्या घरात देवनागरी चित्र बसवलं. कॉम्प्युटरला वाटायचं आपण ‘ई’ छापतोय. कागदावर उमटायचा म. कृतिदेवमध्ये ‘मराठी’ लिहायचं तर ई, जे, के, मोठा बी आणि एच या कळा दाबायच्या. फॉन्ट असेल तर मराठी, नसेल तर ती पाच रोमन अक्षरं. सरांच्या स्लाईडवर जे दिसत होतं ते बिघडलेलं मराठी नव्हतं. फाईलीत खरोखर होतं तेच दिसत होतं. इतकी वर्षं त्यावर मराठीचा मुखवटा होता, तो त्या यंत्रावर नव्हता.

या युक्तीला नावं ठेवण्याची फॅशन आहे. मला ती अन्यायाची वाटते. पेजमेकर, कोरल ड्रॉ, फोटोशॉप यांपैकी कुणाला तेव्हा देवनागरी युनिकोड कळत नव्हतं. इनडिझाइनला भारतीय लिप्या नीट जुळवता येऊ लागल्या त्या २०१२ च्या सीएस ६ आवृत्तीपासून. तोवर मराठी पुस्तकं, पत्रिका, निवडणुकीची पत्रकं, नियतकालिकांचं अख्खं विश्व या मुखवट्यावरच उभं होतं. त्यात शेकड्यांनी सुंदर वळणं होती. युनिकोडकडे बराच काळ मंगल आणि दोनचार नावं. छापून कागद हातात आला की आत कुठली अक्षरं होती याची चौकशी कोण करतो? छापखान्यातून बाहेर पडताना खिळे काही कागदाबरोबर येत नाहीत, शाई येते.

प्रेझेंटेशन मात्र कागद नव्हे. ते फाईल म्हणूनच फिरतं, म्हणून मुखवटा इथंच पहिल्यांदा गळून पडतो. शिवाय पॉवरपॉइंट स्वतःहून मदत करायला येतं. वाक्याचं पहिलं अक्षर मोठं करणं हा त्याचा स्वभाव. इंग्रजीत ठीक; पण कृतिदेवमध्ये छोटा जे म्हणजे र आणि मोठा जे म्हणजे श्र. मुद्द्याच्या सुरुवातीला ‘राम’ लिहिलात की पॉवरपॉइंट तो सुधारून ‘श्राम’ करतो. श तर कृतिदेवमध्ये अवतरणचिन्हाच्या कळीवरच बसलाय, आणि सरळ अवतरणचिन्ह दिसलं की ते वळवून गोंडस करायचं हाही पॉवरपॉइंटचा छंद. शाळेतल्या शचं काय होत असेल ते कल्पनेवर सोडतो.

“कन्व्हर्टर आहेत ना?” असं मी काकांना विचारलं. आहेत, पण कन्व्हर्टरला आधी सांगावं लागतं की मुखवटा कुणाचा. श्रीलिपीची घरं वेगळी, आकृतीची वेगळी, कृतिदेवची वेगळी. एका कंपनीचा नकाशा दुसरीला लागू नाही. फॉन्टचं नाव फाईलीत असेल तोवर माग लागतो. पण अक्षरं विचित्र दिसतात म्हणून कुणीतरी सगळा मजकूर निवडून एरियल केला, की तो मागही पुसला जातो. ही सुधारणा करणारं माणूस प्रत्येक कार्यालयात असतं. आणखी एक खोच काकांनी दाखवली. स्लाईडवर मराठीच्या मध्ये खरी इंग्रजी नावं असतात, संक्षेप असतात, इमेलचे पत्ते असतात. मजकूर उचलून कन्व्हर्टरमध्ये टाकला की कुठला भाग कुठल्या फॉन्टात होता हे कळत नाही. सगळंच ‘मराठी’ होतं आणि इमेलच्या पत्त्याचं ज्ञश्रळ असं काहीतरी बनतं. “म्हणून आम्ही फाईलीसकट मागतो, व्हॉट्सॲपवर मजकूर पाठवू नका म्हणतो,” काका म्हणाले. “पण ऐकतंय कोण?”

तिसऱ्या विद्यार्थ्याच्या जर्मन अक्षराचं मूळही इथंच आहे. बरोबरची ती खूण विंगडिंग्ज नावाच्या फॉन्टमधली. १९९२ च्या विंडोज ३.१ पासून तो मायक्रोसॉफ्टबरोबर येतोय. त्यातही रोमन अक्षरांच्या घरात चित्रं बसवलेली. म्हणजे श्रीलिपीनं आणि कृतिदेवनं जे केलं तेच मायक्रोसॉफ्टनं केलं होतं, फक्त त्याला कुणी मागासलेपणा म्हटलं नाही. लिनक्सवर विंगडिंग्ज नसला आणि त्याच्या जागी काय दाखवायचं हे सॉफ्टवेअरला समजलं नाही, की मुखवट्याखालचं अक्षर बाहेर येतं.

युनिकोडमध्ये गेलं की सुटलो, असंही नाही. मराठीच्या स्वतःच्या काही खोडी आहेत. ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ साली मिळाली. त्याआधीच्या फॉन्टमध्ये ते नाही, म्हणून जुन्या यंत्रावर ‘ॲड.’ म्हणून नाव लावणाऱ्या वकीलसाहेबांच्या आधी रिकामा चौकोन येतो. दऱ्या, कुऱ्हाड, वाऱ्यावर यांतला आडवा र दोन तऱ्हांनी लिहिता येतो. त्यातली एक तऱ्हा न दिसणाऱ्या एका जोडचिन्हावर अवलंबून आहे, आणि असली अदृश्य चिन्हं झाडून टाकणारी सॉफ्टवेअरं कमी नाहीत. मग डोंगरदऱ्यांच्या भूगोलात अचानक दर्या येतो.

ल आणि श यांची मराठी वळणं हा याहून नाजूक विषय. राज्य सरकारनं ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयात ती वळणं प्रमाण म्हणून दिली. राज्य मराठी विकास संस्थेच्या यशोमुद्रा आणि यशोवेणू या फॉन्टांत ती मिळतात. ॲपल ‘आयटीएफ देवनागरी मराठी’ असा वेगळा फॉन्ट देतं, आणि ‘टिरो देवनागरी’ तर हिंदी, संस्कृत, मराठी असा तीन संचांत विभागलेला आहे. इतर बऱ्याच फॉन्टांमध्ये दोन्ही वळणं आतच असतात. मजकूर मराठीचा आहे असं सॉफ्टवेअरनं सांगितलं तर मराठी ल बाहेर यावा अशी ती सोय. पण फाईलीत भाषा म्हणून हिंदीची खूण पडलेली असली किंवा सॉफ्टवेअरनं ती सांगायचे कष्ट घेतले नाहीत, तर हिंदी वळणाचा ल येतो. पाठ्यपुस्तकातला ल गिरवणाऱ्या पहिलीच्या मुलांसमोर शिक्षकांच्या स्लाईडवर दुसराच ल असतो, आणि याला कुणी ‘फॉन्ट उडाला’ही म्हणत नाही.

मग फॉन्ट फाईलीबरोबर का पाठवू नये? पाठवता येतो. विंडोजवरच्या पॉवरपॉइंटमध्ये सेव्हच्या पर्यायांत फाईलीत फॉन्ट घालण्याची सोय फार वर्षांपासून आहे. मॅकवर ती २०१९ च्या आवृत्तीच्या सुमारास आली. तिथं दोन निवडी असतात: वापरलेली अक्षरंच घालायची की सगळी. पहिलीनं फाईल लहान राहते, पण दुसऱ्याला स्लाईडवर नवा शब्द लिहायचा झाला तर त्याला हवं ते अक्षर आत नसू शकतं. मराठीसाठी दुसरीच निवड करावी. यात आणखी एक फाटक आहे. प्रत्येक फॉन्टच्या आत परवानगीचा एक आकडा असतो: कुठंही घाला, संपादनापुरता घाला, फक्त बघण्या-छापण्यापुरता घाला, किंवा घालूच नका. विकत घेतलेल्या फॉन्टांत यांपैकी कुठलीही परवानगी असू शकते. मुंबईच्या ‘एक टाइप’नं केलेले मुक्ता, बालू हे फॉन्ट खुल्या परवान्याचे आहेत, ते घाला, वाटा, कुणी विचारणार नाही. गूगल स्लाइड्समध्येही ते मिळतात, आणि तिथं तुमच्या कॉम्प्युटरवरचे खास फॉन्ट चालतच नाहीत, हा आणखी एक मुद्दा त्यांच्या बाजूचा.

अनुभवी मंडळी या भानगडीत न पडता पीडीएफ नेतात. भाषण अर्ध्या तासावर असेल तर शहाणपण तेच. पीडीएफमध्ये अक्षरांच्या आकृत्या आत जातात आणि कुठंही तशाच दिसतात. फक्त त्यातून देवनागरी मजकूर परत काढायला जा: वेलांट्या जागा सोडतात, जोडाक्षरं फुटतात, शोधायला दिलेला शब्द सापडत नाही. ज्यांना पीडीएफ करणं माहीत नाही ते स्लाईडचा फोटो काढून तोच स्लाईडवर चिकटवतात. प्रशिक्षणांच्या, योजनांच्या, शिक्षकांच्या कितीतरी मराठी स्लाईड्स अशा चित्रांच्या रूपात पडून आहेत. त्यातलं एक अक्षर दुरुस्त करता येत नाही, आणि स्क्रीन वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या अंध शिक्षकाला त्या कोऱ्या असतात.

चर्चासत्राच्या निमंत्रणात स्लाईड किती, मिनिटं किती, निबंधाचा फॉन्ट कितीच्या आकाराचा, हे सगळं छापतात. मजकूर युनिकोडमध्येच हवा ही ओळ मला क्वचित दिसली. ती येईपर्यंत त्या प्रोजेक्टरवाल्या मुलाला मी एक उद्योग सुचवला. प्रत्येक वक्त्याला पहिल्या स्लाईडच्या आधी एक चाचणीची स्लाईड जोडायला सांगायची आणि चहाच्या आधी ती उघडून बघायची. तिच्यावर एकच वाक्य, नेहमीच्या फॉन्टात: ‘ॲड. कुऱ्हाडे यांनी शाळेतल्या विठ्ठलला लाल चिठ्ठी दिली.’ चौकोन आला तर यंत्रावरचा फॉन्ट जुना आहे, मुक्ता टाकायचा. विठ्ठल सुटा झाला किंवा ओळ लांबली तर नुसता चेहरा बदललाय, चौकटी मोठ्या करायच्या. कुऱ्हाडेंचे कुर्हाडे झाले तर फाईल वाटेत कुठंतरी झाडूनपुसून आलीय, मूळ प्रत मागायची. आणि सगळं वाक्य रोमनमध्ये उगवलं तर फॉन्ट शोधत बसायचं नाही. सरांना त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवरून पीडीएफ मागवायला सांगायचं आणि त्यांचं भाषण जेवणानंतर ठेवायचं.

मुलानं ते वाक्य लगेच टाइप करून पाहिलं. सभागृहाच्या यंत्रावर ‘ॲड.’च्या जागी चौकोन आला.